वर्णनावरून ओळख पटली

सगळ्यात आधी मी काय केलं असेल, तर त्या कागदावर लाल पेनानं लिहिलं, 'पान क्रमांक कुठाय?' सवय. सत्तावीस वर्षं विद्यार्थ्यांचे कागद तपासणाऱ्या बाईचा हात डोक्यासाठी थांबत नाही. डोकं मागून आलं, धापा टाकत. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी टेबलापलीकडे उभी होती. बस म्हटलं तरी बसली नव्हती, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी ही मुलगी खोलीत आली की खुर्ची, टेबलाचा कोपरा, खिडकीची कड, सगळीकडे कागद पसरते. विभागात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती सतत कुठून तरी काही तरी वाहून आणत असते. गेले सहा महिने ती तुरुंगाच्या अडगळीच्या खोलीत बसून स्त्रियांच्या बराकीतल्या शिक्षेच्या जुन्या वह्या उतरवून घेत होती. मीच पाठवलं होतं तिला. परवानगीसाठी चार पत्रं मीच खरडली होती, कारण माझ्या वेळी त्या वह्या मला कुणी दाखवल्या नव्हत्या. आज तिनं एकच कागद आणला होता. त्यातल्या एका नोंदीवर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे तुमच्या लेखाबद्दल आहे."

नोंद चार ओळींची होती. 'कैदी स्त्री, शिलाई विभाग. कारागृहातील शिक्षांविषयी बाहेरील संशोधक स्त्रीस माहिती पुरवली. छापील लेखातील वर्णनावरून ओळख पटली. कैदी इन्कार करते. शिक्षा: माफीचे नव्वद दिवस रद्द.' माफी म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून वजा होणारे दिवस. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून समजावते. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात, वेगळ्या शाईत, दोन महिन्यांनंतरची तारीख घालून कुणी तरी लिहिलं होतं, 'मुलगी सहा वर्षे पूर्ण. बालगृहात रवाना.' मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग मुंगीला विचारलं, तारीख नीट उतरवलीस ना? ती म्हणाली, तीनदा तपासली. मग मी विचारलं, शिलाई विभागच ना, स्वयंपाकघर नाही ना? ती म्हणाली, शिलाईच. मला तिचा राग आला. खरंच आला. वाटलं, कशाला इतकं नीट काम करते ही कारटी.

पायाखालची जमीन सरकली असं कुणी प्रबंधात लिहिलं की मी खोडते. शिळं आहे म्हणते. पण त्या दिवशी मी उभी राहिले तेव्हा टेबल धरूनच राहिले, आणि पाय जागेवर आहेत का हे चक्क खाली वाकून बघितलं. चपला होत्या, पाय होते. कानात भांडं पडल्यावर राहतो तसा नाद राहिला होता. दहा मिनिटांनी तास होता. मी गेले, शिकवलं, आणि काय शिकवलं हे मला आजही सांगता येणार नाही. एका मुलानं काही विचारलं तेव्हा त्याचे ओठ हललेले दिसले. त्याच मुलांच्या अभ्यासक्रमात माझा तो लेख आहे. सगळे त्याला 'कात्री' म्हणतात, कारण लेखातल्या बाईला मी कात्री हे टोपणनाव दिलं होतं. तुरुंगाच्या शिलाईखोलीत बसणारी, डाव्या हातानं कात्री चालवणारी, पायाशी छोटी मुलगी घेऊन बसलेली, आणि आत बायकांना कशाकशासाठी शिक्षा होते ते धडाधड सांगणारी. पुरुष मारामारी करतात, भिंतीवरून उड्या मारतात, त्यांना शिक्षा होते. बायकांना उलट बोलली म्हणून, मोठ्यानं हसली म्हणून, जेलरबाईकडे टक लावून बघितलं म्हणून उन्हात उभं करतात. ही सगळी कात्रीची वाक्यं. माझी अख्खी कारकीर्द त्या वाक्यांवर उभी आहे. आणि कात्री नावाची बाई कधी नव्हतीच.

बोलली होती ती स्वयंपाकीण. पन्नाशीची, आडव्या अंगाची, उजव्या हातानं खाणारी, उजव्या हातानं टाळ्या देणारी, दोन मोठाले मुलगे बाहेर असलेली. तोंडाची टकळी सुरू झाली की भांडी घासणाऱ्या बायका हसून लोळायच्या. तिचे शब्द जसेच्या तसे टिपताना माझा हात दुखायचा. लेख लिहायला बसले तेव्हा माझ्या गाइडनी, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, मला समोर बसवून बजावलं होतं की नाव बदलून भागत नाही. हात बदला, पाय बदला, धंदा बदला, मुलंबाळं बदला, सख्ख्या भावानं वाचलं तरी ओळखू नये. मी मान डोलावली आणि घरी जाऊन एका बैठकीत सगळं बदललं. उजव्याचा डावा केला. स्वयंपाकघराची शिलाईखोली केली. दोन मुलग्यांची एक लहानगी मुलगी केली. किती पटापट सुचतंय म्हणून मी स्वतःवर खूश झाले होते, हेसुद्धा मला आठवतं. मी कल्पना करतेय असं मला वाटत होतं. अहो, कसली कल्पना. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वही लिहायचे, आणि समोर, चार पावलांवर, शिलाईखोलीचं दार उघडं असायचं. त्या दारात रोज एक बाई बसलेली असायची. डाव्या हातात कात्री. पायाशी मुलगी.

चौदा महिने मी तिच्याकडे बघत होते आणि ती मला दिसली नव्हती. नाही, हे खोटं आहे. एकदा दिसली होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, बोलशील का गं माझ्याशी. तेव्हा मी तिथल्या सगळ्या बायकांना सर्रास अगं-तुगं करायचे, जेलरबाई करायची तशीच, आणि त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नव्हतं. तिनं मान वर न करता सांगितलं, "मला नका विचारू, बाई. मला हिला घेऊन बाहेर जायचंय." मी वहीत तिच्या नंबरापुढे 'असहकार' असं लिहून रेघ मारली. तिची सुटका पोरीच्या सहाव्या वाढदिवसाच्या सात आठवडे आधी होणार होती, म्हणून ती मिठाची गुळणी धरून बसली होती. तेवढे आठवडे हातात ठेवण्यासाठी तिनं पाच वर्षं शिव्या गिळल्या असणार, कुणी डिवचलं तरी खाली मान घालून शिवत राहिली असणार. मूल सहा वर्षांचं झालं की आत ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझ्या प्रबंधात त्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे, तक्त्यांसकट.

लेख छापून आला आणि पंधरा दिवसांत तुरुंगाच्या फाटकावर मला अडवलं. वरून हुकूम आहे म्हणाले. ही हकिगत मी सत्तावीस वर्षं छाती फुगवून सांगत आले. परिषदांमध्ये, नव्या विद्यार्थ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर. माझ्यावर बंदी आली, माझी लेखणी त्यांना झोंबली वगैरे. त्याच लेखाच्या जोरावर मला नोकरी लागली. मी संध्याकाळी घरी जाऊन वही काढली आणि तारखा लावून बघितल्या. नोकरीचं पत्र माझ्या हातात पडलं त्याच आठवड्यात तिचे नव्वद दिवस कापले होते. आपल्याला बाहेर ठेवलं म्हणजे आत काही तरी घडलं असेल, हा साधा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. तुरुंगाचा अभ्यास करणारी म्हणे मी. स्वयंपाकिणीच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ती वेळेवर सुटली, नंतर मला दोनदा भेटूनही गेली. सरांनी सांगितलं होतं तसं झालं होतं, तिला कुणीही ओळखलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. ते दातांचे डॉक्टर, आता दवाखाना बंद केलाय, पण समोरच्याचं दुखणं ऐकताना मान तिरकी करायची सवय गेलेली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग आता सत्तावीस वर्षांनी त्या बाईच्या दारात जाऊन कुणाचं भलं होणार आहे? मी त्यांच्यावर खेकसले. वास्तविक ते जे बोलले ते दुपारपासून मी स्वतःला सांगत होते, आणि माझ्या तोंडचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं ओंगळ वाटलं की मी ताटावरून उठले. बेसिनपाशी हात धुता धुता मला हसू फुटलं. आयुष्यभर मी ओरडून सांगत आले की बायकांना बोलल्याबद्दल शिक्षा करतात. आणि जी एक बाई शपथ घेतल्यासारखी गप्प बसली होती, तिला मी बोलायला लावलं, माझ्या लेखात, दुसरीच्या शब्दांत, आणि मग तिला बोलल्याबद्दल शिक्षा झाली. हसू थांबेना. ते आत आले, त्यांनी नळ बंद केला, आणि मग मला कळलं की मी रडतेय.

दुसऱ्या दिवशी मुंगी पुन्हा आली. या खेपेला बसली. तिचा प्रश्न सरळ होता आणि तो विचारायला तिला रात्रभर धीर गोळा करावा लागला असणार. तिच्या प्रबंधात वह्यांतल्या नोंदींवर प्रकरण आहे, आणि ही नोंद घालायची की गाळायची. गाळली तर कुणाला कळणार नाही, चारशे नोंदींतली एक. घातली तर 'कात्री' कोसळणार, मागे माझी दोन पुस्तकं, नवी आवृत्ती छापखान्यात, निवृत्तीला दीड वर्ष. मी खिडकीतून खाली बघत होते. खाली सायकली लावायच्या जागेत एक माणूस कुलपाशी झगडत होता. मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते, संशोधनाच्या मर्यादा, त्या काळची पद्धत, वेगळ्या लेखात सविस्तर, असे गुळगुळीत शब्द, आणि ते भराभर जुळत होते, हेच भयानक होतं. माझ्या तोंडातून एकदम निघालं, "घाल. माझं नाव घालून लिही." मुंगीनं पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. सुटलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून तिनं त्या बाईचा पत्ता मिळवला होता. ती स्वतः गेली नव्हती. म्हणाली, आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. इतकी शहाणी मुलगी माझ्या हाताखाली कशी तयार झाली कोण जाणे.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. चेन बदलून मिळेल, कंबर सैल करून मिळेल, अशी पाटी. आत मशीन, बल्ब, खिळ्यांना लटकवलेल्या पँटी. आणि मशीनवर ती. केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला, डाव्या हातात कात्री. मला तो हात आधी दिसला आणि मी दोन पावलं मागे सरकले, मागच्या माणसाच्या पायावर पाय पडला. सकाळपासून वाक्यं घोकत आले होते. तिनं वर बघितलं आणि विचारलं, काय दुरुस्त करायचंय. मी रिकाम्या हातांनी उभी. मी नाव सांगितलं, ते तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मग तुरुंगाचं नाव घेतलं, स्वयंपाकघराची पायरी सांगितली, वही सांगितली. तिनं कात्री मशीनवर ठेवली. मग स्टूल पायानं पुढे सरकवलं.

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा तिला अहो-जाहो करत होते आणि माझंच मला ऐकू येत होतं. बोलली कोण, मी काय बदललं, कसं बदललं, तुमचा हात घेतला, तुमची खोली घेतली, तुमची मुलगी घेतली, तुम्हाला न विचारता, मला कळलंसुद्धा नाही. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. हाकलून देईल असं वाटलं होतं. जाऊ द्या हो, म्हणेल असंही मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं होतं, आणि तेच मला हवं होतं, हे कबूल करते. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. माझ्याकडे बघत होती खरी, पण बघत नव्हती.

"म्हणजे माझी पोरगी नव्हती?"

मला कळेना. मग ती सांगू लागली, तुटक तुटक. जेलरबाईनं मासिक नाचवत विचारलं होतं, डावखुरी, शिलाईची, मुलगीवाली, दुसरी कोण आहे इथं? आपण तर शब्द काढला नव्हता. मग बाईला सांगितलं कुणी? त्या वहीवाल्या बाईजवळ दिवसभर कोण घुटमळायचं? पोरगी. बराकीत काय चालतं ते पोरगी रोज डोळ्यांनी बघत होती. तिनंच बडबड केली, असं हिनं धरलं. पोरीला बालगृहाच्या गाडीत बसवताना पोरगी हिच्या साडीला चिकटली होती, तेव्हा तिची बोटं सोडवता सोडवता ही म्हणाली होती, तुझ्या तोंडामुळं झालं हे. सुटल्यावर पोरीला परत मिळवायला पत्ता लागतो, काम लागतं, कागद लागतात. दोन वर्षं आणि चार महिने लागले. पोरगी परत आली ती मुकी होऊन. बोलायची, पण विचारलं तेवढंच. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तर उत्तर येत असूनही उभी राहायची नाही. आता तेहेतीस वर्षांची आहे, दुसऱ्या गावात कारखान्यात आहे, लग्न केलं नाही. महिन्यातून एकदा आईला फोन करते, तब्येत विचारते, ठेवून देते. मधे कधी भांडण झालं की हिच्या तोंडून निघायचंच, तुझ्या तोंडामुळं. पन्नास वेळा म्हटलं असेल, शंभर वेळा. ती कधी उलट बोलली नाही.

मी तक्ते करत बसले होते, नव्वद दिवस, सात आठवडे, दोन वर्षं चार महिने. शिक्षा कुठे संपली ते मला मोजता येतंय असं मी समजत होते. ती मुलगी माझ्या मांडीला रेलून बसायची. तिच्या केसांना सांडलेल्या मशीनतेलाचा वास यायचा. मी तिच्या हातात माझी पेन्सिल द्यायचे, म्हणजे मला निवांत लिहिता यावं. मी काही तरी बोलू लागले, मला माफ करा असलंच काही तरी असणार. तिनं हात वर करून मला थांबवलं. मशीनच्या खणातून फोन काढला, नंबर लावला, आणि वाजत असलेला फोन माझ्यापुढे धरला.

"मला काय सांगताय? तिला सांगा."

पलीकडून आवाज आला, बोल आई, कामावर आहे. मागे यंत्रांचा आवाज होता. मी सांगितलं मी कोण. यंत्रांचा आवाज कमी झाला, दार बंद झाल्याचं ऐकू आलं. ती म्हणाली, पेन्सिलवाल्या बाई. मी हो म्हटलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, तिच्या आईला सांगितलं त्याहून कमी शब्दांत, कारण आता माझ्याजवळ शब्दच उरले नव्हते. संपल्यावर ती, अगदी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "नाही हो बाई, मला चांगलं आठवतं. मीच सांगितलं होतं तुम्हाला. उन्हात उभं करतात ते."

तिला आठवत होतं. न घडलेलं तिला आठवत होतं, ऊन कुठून येत होतं ते, मी कोणत्या रंगाची साडी नेसले होते ते. मी म्हटलं, नाही, बाळा. तू मला मांजरीचं सांगायचीस. पाण्याच्या टाकीमागं मांजरीला पिल्लं झाली होती, तीन, एक आंधळं होतं. रोज येऊन तेच सांगायचीस. दुसरं काही नाही. ती म्हणाली, दुसरं काही नाही? मी म्हटलं, एक अक्षर नाही. दारात एक गिऱ्हाईक पँट घेऊन उभं होतं, ते आमच्याकडे बघून तसंच परत गेलं. मग ती म्हणाली, पुन्हा एकदा सांगा. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, अजून एकदा. मी अजून एकदा सांगितलं.

"आता हे आईला सांगा," ती म्हणाली. "मला ऐकू येईल असं."

मी फोनचा स्पीकर लावला आणि तो मशीनवर, त्या कात्रीशेजारी ठेवला. तिची आई समोर भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून. मी तिच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "तुमच्या मुलीनं मला काहीही सांगितलं नव्हतं."